दोनपासून सुरू होणारी यादी

इंदूमावशींना आमची शिसारी यायची, आणि ती लपवायची त्यांना काही गरज वाटत नसे. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, आम्ही एकाच कागदी ताटलीत छोले, पास्ता आणि श्रीखंड वाढून घ्यायचो. मावशी त्या ताटलीकडे बघायच्या, खालचा ओठ पुढे काढायच्या आणि म्हणायच्या, "शी!" आवाज मोठा नसायचा, पण मिरजेच्या मुलींच्या शाळेत उभा जन्म इतिहास शिकवलेल्या बाईची ती शी शेवटच्या बाकापर्यंत पोहोचायची. तेव्हा मला त्यांचा राग यायचा. आता त्या इथे नाहीत, आणि ती शिसारी माझी मलाच येते.

इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, आमच्या घरामागच्या रस्त्यावर निखिल राहतो. मावशी त्याच्या आई. वडील गेल्यावर त्याने त्यांना इकडे आणलं. आपल्याकडे मुलं आणतात तसंच आणलं, म्हणजे प्रेमाने आणि त्यांना न विचारता. त्यांना वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली होती, मोठा टीव्ही होता, खिडकीतून तळं दिसायचं. मावशींनी या सगळ्याची पाहणी केली आणि निखिलला एकच प्रश्न विचारला, "इथला स्टँड कुठाय?"

स्टँड म्हणजे बसस्टँड. तो नाही म्हटल्यावर त्यांच्या लेखी मॉरिसव्हिल हे गावच उरलं नाही. "वस्ती आहे," त्या म्हणायच्या. "घरं बांधून ठेवलीयत नुसती."

माझी त्यांची पहिली गाठ पडली ती पार्कातल्या पॉटलकला. मी कुणाला तरी आमच्या इंडिया ट्रिपबद्दल सांगत होतो. "या वेळी हम्पी केलं," मी म्हणालो. शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला.

"केलं म्हणजे काय केलंस?"

मी हसून पाहिलं. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, मांडीवर खाकी रंगाची सॅक. पार्टीला सॅक घेऊन आलेली बाई मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"म्हणजे बघितलं, मावशी. बँगलोरहून ड्राइव्ह करून गेलो होतो."

"राहिलास किती?"

"सकाळी गेलो, संध्याकाळी निघालो. मुलांना कंटाळा येतो ना."

"हम्पी म्हणजे काय भाजी आहे, सकाळी केली नि संध्याकाळी संपली?" त्या म्हणाल्या. "शी!"

मग त्यांनी त्यांचं हम्पी सांगितलं. होस्पेटच्या स्टँडवर उतरायचं, तिथल्या नळावर तोंड धुवायचं, लाल बस पकडायची, ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत बसायचं. वाटेत शेळी चढते, भाताचं पोतं चढतं, नवी नवरी चढते आणि रडत रडत तुमच्या खांद्यावर झोपते. थोड्या वेळाने ते मोठमोठे धोंडे दिसायला लागतात. "गाव असं हळूहळू यायला लागतं," मावशी म्हणाल्या. "तुम्ही दार उघडता नि थेट त्याच्या डोक्यावर पाय देता."

दर दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्या असं हिंडल्या होत्या. बदामी, पट्टदकल, हळेबीड, श्रवणबेळगोळ, मदुराई, कुंभकोणम. सगळीकडे सरकारी बसने, सगळीकडे एकट्या. नवरा का येत नसे असं मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, एकदा विचारलं. "ह्यांना बस लागायची," मावशी म्हणाल्या. "लग्नानंतर एकदाच आले कोल्हापूरपर्यंत. मग मीच म्हटलं, तुम्ही घरी बसा, मी सांगेन येऊन." आणि येऊन त्या खरंच सांगायच्या, रोज थोडं थोडं, पुढची सुट्टी येईपर्यंत.

ती सॅक कायम भरलेली असे. दोन साड्या, पंचा, पेला, टॉर्च, सुतळी, भिंग आणि एक जाड वही. इथेही ती भरलेलीच असायची. आमच्या गावाची एक छोटी फुकट बस आहे. आमच्यापैकी कुणीही तिच्यात कधी पाय ठेवला नव्हता, कारण प्रत्येकाच्या दारात दोन गाड्या. मावशींनी ती पंधरा दिवसांत हुडकून काढली. रोज सकाळी सॅक अडकवून त्या कोपऱ्यावर उभ्या राहायच्या आणि लायब्ररीत जायच्या. तिथल्या लिंडा नावाच्या बाईशी त्यांनी मैत्री केली. दोघींना एकमेकींचं निम्मं बोलणं कळत नसे, पण लिंडाने त्यांना कॉम्प्युटर शिकवला आणि मावशींनी लिंडाला बदामीच्या लेण्यांमधला अठरा हातांचा नटराज कागदावर काढून दाखवला. निखिलला या बसची लाज वाटायची. "लोकांना वाटेल मी आईला राइड पण देत नाही," तो मला म्हणाला होता.

रविवारच्या मराठी शाळेत त्या पहिलीचा वर्ग घ्यायच्या. वर्ग हजेरीने सुरू व्हायचा. पोरं "हिअर" म्हणायची, मावशी "हजर" येईपर्यंत पुढचं नाव घेत नसत. चार नंबरचा आरव ऑक्टोबरात बापाच्या नोकरीपायी बॉथेलला गेला, पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. तरी मावशी जूनपर्यंत "चार, आरव" म्हणून थांबायच्या आणि हजेरीपटावर गैरहजर लिहायच्या.

"मावशी, तो आता येणार नाही," मी एकदा म्हणालो.

"न येऊ दे. वर्ष सुरू होताना तो होता. पटावरचा नंबर गाळत नाहीत रे सुहास. पोर मेलं तरी नंबर राहतो. नाहीतर वर्ग खोटा होतो."

मी तेव्हा मान डोलावली होती. मान डोलावण्यात मी पहिल्यापासून हुशार आहे.

डिसेंबरच्या सुट्टीतल्या इंडिया ट्रिपची कल्पना प्रसादची. प्रसाद आमच्यातला उत्साही माणूस, त्याला दर वर्षी काहीतरी नवीन लागतं. मावशींच्या गोष्टी ऐकून तो पेटला. "यार, आपण पण असंच करू. नो कार्स. फक्त बस आणि बॅकपॅक्स. मुलांना रिअल इंडिया दिसेल." तीन कुटुंबं तयार झाली, मुलं धरून बारा माणसं. आणि तेराव्या, खरं तर पहिल्या, मावशी. त्यांच्याशिवाय कुठली बस कुठे जाते हे सांगणार कोण?

मावशींना मी त्या दिवसाइतकं आनंदात कधी पाहिलं नाही. त्यांनी सॅकमधली वही काढली आणि मला मागची पानं दाखवली. तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. भिंतीच्या भिंती अक्षरांनी भरलेल्या. मावशी तीनदा तिथे गेल्या होत्या आणि तिन्ही वेळा उन्हात बसून तो मजकूर हाताने उतरवून घेत होत्या. तिन्ही वेळा शेवटची बस चुकेल म्हणून उठावं लागलं. वहीतला शेवटचा शब्द होता "आणि". त्यापुढे कोरी पानं.

"मावशी, हे सगळं छापलेलं असणार. नेटवर पण मिळेल," मी म्हणालो.

"मिळेल की. पण दुसऱ्याने चावून दिलेलं मी खात नाही." त्यांनी त्या "आणि"वर बोट ठेवलं. "आता गुडघे आहेत तोवर एवढं एक संपवायचंय, सुहास. मग मला कुठेही ठेवा. इथे ठेवा, या वस्तीत."

ट्रिपची यादी मी बनवली, सगळ्यांना उघडता येईल अशी शेअर्ड शीट. अनुक्रमांक एक, इंदुमती. दोन मी, तीन मेधा, असे तेरापर्यंत. ॲलर्जी, बुटांचा साइज. मावशींनी आणखी दोन कॉलम टाकायला लावले: हजेरी आणि शेरा. दर शनिवारी सकाळी सगळ्यांनी भरलेली सॅक घेऊन तळ्याभोवती चालायचं, म्हणजे सवय होईल, असा त्यांचा हुकूम. पहिल्या शनिवारी आम्ही सगळे गेलो, फोटो काढले. दुसऱ्या शनिवारी सात. चौथ्या शनिवारी मावशी आणि मी. पाचव्या शनिवारी मीही कॅन्सल केलं. मावशी लायब्ररीत बसून शीट उघडायच्या आणि ज्याच्या त्याच्या नावापुढे गैरहजर भरायच्या. शेऱ्यात लिहायच्या, "कारण कळवले नाही."

प्रसादला हे झोंबलं. "यार, ही काय शाळा आहे? मी शंभर लोकांची टीम हँडल करतो." त्याच्या बायकोला बसस्टँडवरच्या टॉयलेटांची काळजी होती. मेधाला मुलांच्या पोटाची. एक एक करून बसचे टप्पे गळत गेले आणि एका रविवारी दुपारी प्रसादच्या बेसमेंटमध्ये कळलं की त्याने एसी टेम्पो ट्रॅव्हलर बुकसुद्धा केला होता. पुशबॅक सीट्स, आतच फ्रीज.

"किती सीट्स आहेत?" मी विचारलं.

"बारा."

मग सगळे एकदम बोलायला लागले. मावशींचं वय. त्यांचे गुडघे. काही झालं तर जबाबदारी कुणाची. मेधा म्हणाली, "त्यांच्याच भल्यासाठी." आम्ही इतकं काळजीने बोलत होतो की कुणालाही वाटावं, आम्ही त्या बाईवर फार जीव टाकतो. निखिलला फोन करायचं काम प्रसादने घेतलं. निखिलला हायसं वाटलं म्हणे. शीट नीट करायचं काम माझ्याकडे आलं.

मी पहिली ओळ डिलीट केली नाही. तेवढा मी सज्जन आहे. मी ती हाइड केली. दोन क्लिक लागले.

चौथ्या दिवशी मावशी आमच्या दारात. बसने उतरून चालत आल्या होत्या. हातात लायब्ररीत काढलेली प्रिंट. बसल्या नाहीत, पाणी घेतलं नाही.

"सुहास, ही यादी दोनपासून का सुरू होते?"

माझा मुलगा सोफ्यावर होता. त्याने मान वर करून विचारलं, "डॅड, इजन्ट आजी कमिंग?" मी त्याला वर जायला सांगितलं.

"मावशी, ते गाडीत सीट्स..."

"सीट्सचं निखिलने सांगितलं मला. मी नंबरचं विचारतेय. मी येत नसेन तर तसं लिही. गैरहजर लिही, शेरा लिही, म्हातारी आहे लिही. गाळलंस का?" त्यांनी प्रिंट टेबलावर ठेवली. "लिंडाने दाखवलं मला. कडेला दोन बारीक बाण दिसतात, ते दाबले की ओळ परत येते. मी दाबले नाहीत. ज्याने झाकलं त्याने उघडायचं असतं."

त्या कशा तुच्छतेने बघतील याची मी तयारी करून ठेवली होती. पण त्यांनी सॅक काढून खाली ठेवली, वही काढली, मागचं पान उघडलं आणि फोन पुढे करायला लावला. "या पानाचा फोटो काढ. हे शेवटचे शब्द. देवळाच्या मागच्या बाजूची भिंत. हे शब्द शोध आणि तिथपासून पुढच्या सगळ्या भिंतीचे फोटो काढून आण. जवळून काढ, अक्षर लागलं पाहिजे." मग जरा थांबून म्हणाल्या, "आता तू चावूनच आण."

मी शपथेवर सांगावं तसं "नक्की" म्हणालो.

ट्रिपबद्दल लिहायला घेतलं की माझ्या तोंडाची चव जाते. होस्पेटला प्रसादला व्हिडिओ हवा होता. आम्ही सॅक बरोबर आणल्या होत्या, पण रिकाम्या, कारण सामान मागे बॅगांमध्ये. त्या फुगलेल्या दिसाव्यात म्हणून हॉटेलच्या उशा आत कोंबल्या. टेम्पो ट्रॅव्हलर स्टँडच्या बाहेर उभा केला आणि आम्ही बारा जण पाठीवर उशा घेऊन एका लाल बसमध्ये चढलो, खिडक्यांतून हात हलवले, फोटो काढले आणि उतरलो. खऱ्या उतारूंना तेवढा वेळ खाली थांबावं लागलं. एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन उभी होती. कंडक्टर कन्नडमध्ये काहीतरी बोलला. भाषा येत नव्हती, पण अर्थ लागला. मुलांनी हात सॅनिटाइझ केले आणि आम्ही पुन्हा थंडगार गाडीत बसलो. व्हिडिओला नाव दिलं, "बॅकपॅकिंग साउथ, द रिअल वे". दोनशे जणांनी अंगठे दाखवले, त्यात निखिलही होता.

तंजावरला आम्ही भर दुपारी पोहोचलो. देवळात अनवाणी जायचं, फरशी तापलेली. पोरं एका सावलीतून दुसऱ्या सावलीत उड्या मारत "इट्स बर्निंग" ओरडत होती. आम्ही मोठ्या नंदीपुढे ग्रुप फोटो काढला, कळसाचा फोटो काढला आणि पाऊण तासात बाहेर. मागची भिंत हे शब्द माझ्या डोक्यातून साफ गेले होते. संध्याकाळी हॉटेलात बुफेला रसम पिताना ते आठवले.

तेही चालून गेलं असतं. देऊळ हॉटेलपासून दहा मिनिटांवर. दुसऱ्या दिवशी गाडी दहाला निघणार होती आणि मी सातला उठलो होतो. फोन चार्ज होता. रिक्षा दारात होत्या. पण दोशाच्या काउंटरवर रांग होती आणि माझा नंबर तिसरा होता. मी विचार केला, हा दोसा खाऊन जाऊ. मग कॉफी आली. मग मेधा म्हणाली, बॅगा बंद कर. तीन वेळा उन्हात बसलेल्या बाईच्या आणि त्या भिंतीच्या मध्ये मी एक दोसा ठेवला. याहून मोठं काही कारण असतं तर मला बरं वाटलं असतं.

परत आल्यावर आठवडाभर मी मावशींना टाळलं. मग म्हैसूरपाकाचा डबा घेऊन गेलो. निखिलच्या ड्राइव्हवेमध्ये गाडीत बसून मी नेटवर शोधलं आणि अक्षरांनी भरलेल्या भिंतीचा एक चांगला, जवळून काढलेला फोटो सेव्ह केला. एवढ्या अक्षरांत कुणाला काय कळणार, असं मला वाटलं.

मावशी खिडकीपाशी बसल्या होत्या. डब्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. "आणलंस?"

"बाकीचे फोटो जरा ब्लर आलेत. पण हा एक क्लिअर आहे."

त्यांनी फोन हातात घेतला. चष्मा कपाळावर सरकवला, सॅकमधून भिंग काढलं. ओठ हलवत वाचायला लागल्या. एक ओळ. दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीवर थांबल्या. भिंग बाजूला ठेवून वही उघडली, शेवटाकडून नाही, मधूनच, आणि पान उलटत एका जागी बोट ठेवलं. मग बोट फोनवर, पुन्हा वहीवर.

"हे माझं लिहून झालंय," त्या म्हणाल्या.

मी शीची वाट पाहत होतो. ती आली असती तर मी पाया पडून खरं सांगून टाकलं असतं. त्यांचा ओठसुद्धा हलला नाही. त्यांनी फोन पदराने पुसला आणि परत दिला. मुलींच्या शाळेत असंच करत असणार, कॉपी सापडली की पेपर काढून घ्यायचा, बोलायचं नाही. म्हैसूरपाकाचा डबाही त्यांनी माझ्या हातात परत ठेवला.

मार्चमध्ये एका सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. कोपऱ्यावर मावशी उभ्या होत्या. तेच कॅनव्हासचे बूट, पाठीवर खाकी सॅक. मी गाडी थांबवून काच खाली केली. "मावशी, बसा ना, लायब्ररीत सोडतो."

"नको. बस येतेय."

रस्ता पार वळणापर्यंत रिकामा होता. मागे वीसेक फुटांवर निखिलची गाडी उभी होती, दोन्ही दिवे लुकलुकत होते. मी उतरून त्याच्याकडे गेलो. त्याचे डोळे लाल होते.

"आई इंडियाला चाललीय. एकटीच. मिरजेला जाणार, मग तिकडनं पुढे. मी म्हटलं एअरपोर्टला सोडतो, तर म्हणते, दोन बस बदलल्या की एअरपोर्ट येतं. माझ्या गाडीत बसायलाच तयार नाही, यार."

"मग तू?"

"मी मागनं जातोय."

तेवढ्यात वळणावरून ती छोटी पांढरी बस खरंच आली. मावशी चढल्या, ड्रायव्हरशी काहीतरी बोलल्या, तो हसला. त्याच्या मागच्या खिडकीत त्या बसल्या आणि सॅक मांडीवर घेतली. मी हात वर केला. त्या समोर बघत होत्या, एखादं गाव हळूहळू यायला लागावं तशा. बस निघाली आणि तिच्या मागे दिवे लुकलुकवत निखिलची गाडी, रांगत गेल्यासारखी. वळणापर्यंत दोन्ही दिसत होत्या.

मे महिन्यात एका दुपारी मी ऑफिसात असताना फोनवर नोटिफिकेशन आलं. आमच्या ट्रिपच्या शीटमध्ये कुणीतरी बदल केला होता. ती शीट कुणी बंद केली नव्हती, पाच महिने तशीच पडून होती. मी उघडली. यादी एकपासून सुरू होत होती. कडेचे ते दोन बाण त्यांनी स्वतःच दाबले होते.

एक, इंदुमती. हजेरीच्या कॉलमात, हजर. शेऱ्यात, "तंजावर. उतरवून झाले."

त्याखाली दोन ते तेरा, प्रत्येक नावापुढे वेगळं टाइप केलेलं, गैरहजर. कुणाचाही नंबर गाळलेला नव्हता. माझ्या नावापुढचा शेरा रिकामा होता.

"आणि"च्या पुढे काय होतं, ते त्यांनी लिहिलं नव्हतं. नेटवर ते सापडेल, पाच मिनिटांचं काम आहे. मी अजून शोधलेलं नाही.